उघडा असूनही बंद दिसणारा दरवाजा : चुंबकीय सेन्सरच्या दुरुस्तीचे एक प्रकरण

जुनी कागदपत्रे जपून ठेवणाऱ्या एका इमारतीच्या मागच्या लोखंडी दरवाज्याचे हे प्रकरण आहे. सुरक्षा यंत्रणेच्या वार्षिक तपासणीसाठी मी तिथे गेलो तेव्हा त्या दरवाज्याबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती. उलट, पूर्वी तो फार त्रास द्यायचा आणि आता शहाण्यासारखा वागतो, असेच मला सांगण्यात आले. रात्रपाळीचे ज्येष्ठ सुरक्षारक्षक म्हणाले, "साहेब, आठ महिन्यांत एकदाही वाजला नाही." त्यांच्या या वाक्यावरून मी त्या दरवाज्यापाशी जरा जास्त वेळ थांबायचे ठरवले. वाऱ्याच्या तोंडावर असलेला, दिवसभर ये-जा होणारा लोखंडी दरवाजा आठ महिने एकदाही वाजत नाही, याचा अर्थ सेन्सर उत्तम बसवला आहे असा होऊ शकतो, किंवा सेन्सर दरवाज्याकडे पाहतच नाही असाही होऊ शकतो.

दरवाजा एकाच पल्ल्याचा होता. रुंदी १००० मिलिमीटर, उंची २१०० मिलिमीटर, दोन पत्र्यांच्या मध्ये पोकळी ठेवून केलेला, एकूण जाडी ४५ मिलिमीटर. तोंड पश्चिमेला आणि पल्ला आत उघडणारा. सेन्सर आतल्या बाजूने वरच्या चौकटीवर होता आणि त्याचा चुंबक पल्ल्यावर, बिजागरीपासून ६०० मिलिमीटरवर बसवलेला होता. पॅनेलवर, म्हणजे यंत्रणेच्या नियंत्रण-फलकावर, या दरवाज्याचा झोन (त्याचा स्वतंत्र विभाग) बंद दिसत होता. मी दरवाजा हळूहळू आत ढकलायला सुरुवात केली. बोटभर फट पडली, झोन बंदच. मग माझा तळवा आत गेला, मनगट गेले, आणि कोपर फटीत शिरायच्या बेतात असताना कुठे पॅनेलने झोन उघडल्याचे दाखवले. पल्ल्याच्या कडेशी पट्टी लावून मोजले तेव्हा फट ९२ मिलिमीटर भरली. एवढ्या फटीतून माणूस आत शिरत नसला तरी त्याचा हात आत येतो, आणि हात आत आला की चौकटीवरचा सेन्सर त्याच्या आवाक्यात असतो.

ही अवस्था कशी आली हे समजण्यासाठी मागे जावे लागेल, पण त्याआधी या सेन्सरची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. वायरने जोडलेल्या बहुतेक चुंबकीय सेन्सरच्या पोटात रीड स्विच असतो. हा स्विच १९३६ साली बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये वॉल्टर एलवुड यांनी शोधून काढला. काचेच्या बारीक नळीत निकेल आणि लोखंड यांच्या मिश्रधातूच्या दोन लवचीक पात्या समोरासमोर ठेवलेल्या असतात, त्यांच्या टोकांवर रोडियम किंवा रुथेनियमसारख्या कठीण धातूचा मुलामा असतो, आणि नळीत बहुधा नायट्रोजन भरून ती दोन्ही टोकांना वितळवून बंद केलेली असते. चुंबक जवळ आला की पात्यांची टोके परस्परविरुद्ध ध्रुव बनून एकमेकांना चिकटतात. चुंबक दूर गेला की पात्या स्वतःच्या ताठपणाने सुटतात. या स्विचला चालायला वीज लागत नाही, धूळ आणि ओलावा त्याच्या संपर्कबिंदूंपर्यंत पोहोचत नाहीत, आणि नीट बसवला तर तो वर्षानुवर्षे टिकतो. इतक्या साध्या रचनेत इतकी शिस्त असलेला दुसरा भाग सुरक्षा यंत्रणेत मला तरी माहीत नाही. पण त्याच्याविषयी एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी लागते. रीड स्विचला दरवाजा कळत नाही. आपल्या जागी चुंबकीय क्षेत्र पुरेसे आहे की नाही, एवढेच त्याला कळते. त्या क्षेत्राचा आणि दरवाज्याच्या स्थितीचा संबंध जुळवून देणे हे बसवणाऱ्याचे काम आहे. या प्रकरणात तो संबंध दोनदा बिघडला, आणि दुसऱ्यांदा तो बिघडला दुरुस्तीमुळे.

मूळची तक्रार

यंत्रणा बसवल्यानंतर पहिल्याच वर्षी हा झोन विनाकारण वाजू लागला होता. रक्षकांच्या आठवणीप्रमाणे तो "रात्री-अपरात्री कधीही" वाजे. पॅनेलच्या घटना-नोंदी शिल्लक होत्या, म्हणून मी त्या काढून तारीख आणि वेळ यांनुसार मांडल्या. चित्र वेगळेच निघाले. रात्रीचे अलार्म थोडे होते आणि ते सलग दोन-तीन रात्री येऊन मग बराच काळ थांबत, म्हणजे वादळी हवेशी त्यांचा संबंध असावा. बाकीचे जवळजवळ सगळे सुट्टीच्या दिवशी दुपारी तीन ते साडेपाचच्या दरम्यानचे होते. कामाच्या दिवशी दुपारी यंत्रणा आर्म केलेली, म्हणजे अलार्म देण्यासाठी सज्ज केलेली, नसते, त्यामुळे तेव्हा सेन्सरने काय केले हे कोणाला कळण्याचा प्रश्नच नव्हता. माणसाला झोपेतून उठवणारा अलार्म लक्षात राहतो आणि दुपारचा विसरला जातो, म्हणून आठवणीत सगळे अलार्म रात्रीचे झाले होते. अशा तपासात नोंदी आधी वाचाव्यात आणि माणसांशी नंतर बोलावे, असा माझा आग्रह असतो; क्रम उलटा झाला की आपण ऐकलेल्या गोष्टीचाच पुरावा शोधत बसतो.

पश्चिमेकडचे ऊन, दुपारची वेळ आणि पत्र्याचा पल्ला, हे तीन धागे एकत्र आले की पहिला संशय पल्ल्याच्या बाकावर जातो. बाहेरचा पत्रा तापतो आणि लांबतो, आतला थंड राहतो, आणि दोन्ही एकमेकांना कडेने जोडलेले असल्यामुळे पल्ला बाहेरच्या बाजूला फुगतो. पोलाद दर अंश सेल्सियसला आपल्या लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांश इतके वाढते. दोन पत्र्यांच्या तापमानात २० अंशांचा फरक धरला, तर २१०० मिलिमीटर उंच आणि ४५ मिलिमीटर जाड पल्ल्याला येणारा बाक कागदावरच्या हिशेबाने जवळजवळ ३ मिलिमीटर भरतो. मोकळ्या कडेला पल्ला मध्यावर लॅचने धरलेला असतो, त्यामुळे त्याचे वरचे आणि खालचे कोपरे आत सरकतात, म्हणजे उघडण्याच्याच दिशेने. बिजागऱ्यांमुळे ही सरक त्या बाजूला कमी होत जाते. सेन्सरच्या जागी मी सकाळी आणि भर उन्हात असे दोनदा मोजले, तेव्हा फरक २ मिलिमीटर आला.

दोन मिलिमीटर ही काही मोठी सरक नव्हे. मूळच्या सेन्सरला ती का सोसवली नाही, हे पाहण्यासाठी तो पहिला चुंबक हवा होता. सुदैवाने रक्षकांच्या खोलीतल्या ड्रॉवरमध्ये तो जपून ठेवलेला सापडला. साधा फेराइटचा तुकडा, पांढऱ्या प्लास्टिकच्या डबीत. तो पुन्हा जागेवर लावला, सेन्सरच्या वायरी पॅनेलपासून सोडवून मल्टिमीटरला जोडल्या आणि मीटर कंटिन्युइटीच्या बझरवर ठेवला, म्हणजे स्विच मिटलेला असेपर्यंत बझर वाजत राहतो. मग चौकट आणि पल्ला यांच्यामध्ये एक मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या एकेक करून सरकवत गेलो. पाचव्या पट्टीला बझर थांबला. पट्ट्या काढायला लागलो तर मात्र पाचवी काढल्यावर तो सुरू झाला नाही, चौथी काढल्यावरही नाही. तिसरी काढली, पल्ला २ मिलिमीटरवर आला, तेव्हा कुठे बझर पुन्हा बोलू लागला.

या छोट्या प्रयोगात जुन्या तक्रारीचा बराचसा उलगडा होता. रीड स्विचच्या पात्या चिकटायला जितके क्षेत्र लागते, त्यापेक्षा कमी क्षेत्रात त्या चिकटून राहू शकतात. त्यामुळे स्विच उघडण्याचे अंतर नेहमी मोठे आणि पुन्हा मिटण्याचे अंतर लहान असते. हा त्याचा दोष नव्हे. तसे नसते तर दरवाजा सीमारेषेवर असताना स्विच सारखा उघड-मीट करत राहिला असता. पण इथे पल्ला उन्हाने २ मिलिमीटर सरकून बसलेला असे. वाऱ्याच्या एका झोताने तो क्षणभर पुढे जाई, स्विच उघडे, झोत ओसरल्यावर पल्ला परत येई तो थेट मिटण्याच्या सीमारेषेवर, आणि स्विच मिटत नसे. रक्षक धावत येऊन पाहत तर दरवाजा कडेकोट बंद आणि पॅनेल मात्र तो उघडा असल्याचे सांगत असे. आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की यंत्रावर, असा प्रश्न त्यांच्यापुढे वारंवार उभा राहिला आणि त्यांनी डोळ्यांवर ठेवला. रात्री यंत्रणा आर्म करताना हा झोन बायपास करण्याचा, म्हणजे देखरेखीतून वगळण्याचा, प्रघात तिथूनच सुरू झाला. त्यांना दोष देण्याचे मला काही कारण दिसत नाही.

पाच मिलिमीटरच का? सेन्सरच्या माहितीपत्रकात चालण्याचे अंतर २० मिलिमीटर दिले होते, आणि ते लाकूड किंवा प्लास्टिकवर मोजलेले असते. लोखंडी चौकटीवर सेन्सर आणि लोखंडी पल्ल्यावर चुंबक थेट स्क्रूने आवळला की चुंबकाचे बरेचसे क्षेत्र रीडपर्यंत येण्याऐवजी आजूबाजूच्या लोखंडातूनच परत फिरते, आणि माहितीपत्रकातले अंतर निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. त्यात फेराइटचा चुंबक तापला की दर अंशाला सुमारे ०.२ टक्के दुबळा होतो. पल्ल्याचे तापमान ३० अंशांनी चढले तर ६ टक्के क्षेत्र कमी. यामुळे अर्धा मिलिमीटर गेला असे धरू. दोन मिलिमीटर बाकाने खाल्ले. उरले अडीच. आणि लॅचची जीभ चौकटीच्या खाचेत इतकी सैल झाली होती की बंद दरवाज्याची कड ४ मिलिमीटर मागेपुढे हले, म्हणजे सेन्सरच्या जागी सुमारे २.४ मिलिमीटर. सुट्टीच्या दुपारी अलार्म वाजायला एक झुळूक पुरत होती ती अशी. वादळी रात्री बाक नसे, पण वाऱ्याचा दाब पत्र्याचा वरचा कोपराच आत वाकवी.

दुरुस्तीने झालेला बिघाड

आठ महिन्यांपूर्वी देखभालीसाठी आलेल्या तंत्रज्ञाने फेराइटच्या जागी निओडिमियमचा जाड चुंबक लावला. त्याच दिवसापासून खोटे अलार्म थांबले, झोनचा बायपास निघाला आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. हा उपाय या धंद्यात इतका रूढ आहे की त्याविषयी कोणी दुसऱ्यांदा विचार करत नाही. सेन्सर लवकर उघडतो ना, मग चुंबक मोठा लावा. पण सेन्सर लवकर उघडणे हेच तर त्याचे काम आहे. चुंबकापासून थोडे दूर गेल्यावर क्षेत्र साधारणपणे अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट झाले की क्षेत्र आठव्या हिश्श्यावर येते. म्हणून अंतर अकरा पट करायचे तर चुंबकही तसाच बलवान लागतो, आणि नवा चुंबक तसा होता. त्याने स्विच उघडायला लागणारी सरक ५ मिलिमीटरवरून ५५ मिलिमीटरवर नेली. सेन्सर बिजागरीपासून ६०० मिलिमीटरवर आणि कड १००० मिलिमीटरवर, त्यामुळे कडेशी तीच सरक ९२ मिलिमीटर झाली. माझा हात शिरला तो याच हिशेबातून.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते हे, की आठ महिने त्या इमारतीतल्या प्रत्येकाला हा दरवाजा पूर्वीपेक्षा सुरक्षित वाटत होता. बायपास केलेला झोन निदान पॅनेलवर बायपास म्हणून दिसतो, आणि रक्षक त्या दरवाज्याकडे एक फेरी जास्त मारतो. बंद म्हणून दिसणाऱ्या झोनकडे कोणी फिरकत नाही. अर्धवट ओढून घेतलेला, लॅच न लागलेला दरवाजा रात्रभर पॅनेलवर बंद दिसू शकत होता, आणि तसा तो किती रात्री राहिला असेल हे आता नोंदींवरूनही काढता येत नाही.

आम्ही काय बदलले

पहिले काम सेन्सरचे नव्हतेच. लॅचच्या खाचेची पट्टी सोडवून ती आत घेतली, तिच्यामागे पातळ पत्र्याची भर घातली आणि कडेचा खेळ ४ मिलिमीटरवरून १ मिलिमीटरवर आणला. चौकटीचे कडक झालेले रबर बदलले. हलणारा दरवाजा सेन्सरकडून सांभाळून घ्यायचा म्हणजे सुताराचे काम विजेच्या वायरीकडून करून घेण्यासारखे आहे, आणि ते नीट होत नाही.

त्यानंतर सेन्सर बिजागरीपासून ९२० मिलिमीटरवर, कडेजवळच्या कोपऱ्यात नेला. यामुळे सेन्सरच्या जागची सरक आणि कडेची फट यांतला फरक जवळजवळ संपला. त्या कोपऱ्यात बाक जास्त असतो, हा या बदलाचा तोटा होता. तिथे भर दुपारी ३ मिलिमीटर मोजले. म्हणून सेन्सर आणि चुंबक या दोहोंखाली १० मिलिमीटर जाडीचे नायलॉनचे ठोकळे घातले, जेणेकरून ते लोखंडापासून सुटे झाले, आणि मध्यम ताकदीचा ॲल्निकोचा चुंबक वापरला. ॲल्निको (ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टचा मिश्रधातू) निओडिमियमच्या तुलनेत दुबळा असला तरी तापमानाने फारसा बदलत नाही. त्याची घट दर अंशाला सुमारे ०.०२ टक्के, फेराइटच्या दहाव्या हिश्श्याइतकी. उन्हातल्या दरवाज्याला हाच गुण हवा होता. ठोकळ्यांची जाडी आणि चुंबकाची जागा मागेपुढे करत, बझर ऐकत, आम्ही उघडण्याचे अंतर १४ मिलिमीटरवर आणि मिटण्याचे अंतर ९ मिलिमीटरवर आणले. बाक ३, लॅचचा खेळ १, वाऱ्याने पत्र्याचे वाकणे २, असे सगळे एकाच वेळी आले तरी बेरीज ६ होते, म्हणजे पल्ला मिटण्याच्या अंतराच्याही आत राहतो. दुसऱ्या बाजूने, कडेशी १५ मिलिमीटर फट पडली की अलार्म येतो, आणि एवढ्या फटीत लॅचची जीभ खाचेत असूच शकत नाही. या दोन मर्यादांच्या मध्ये सेन्सर बसवणे हीच सगळी कारागिरी होती.

वायरिंगमध्येही एक दोष निघाला. लूपच्या, म्हणजे पॅनेलपासून सेन्सरपर्यंत जाऊन परतणाऱ्या वायरीच्या, शेवटी लावायचा रोध सेन्सरपाशी नसून पॅनेलच्या पेटीतच लावलेला होता. काम सोपे व्हावे म्हणून असे सर्रास केले जाते, पण मग त्या रोधाचा उपयोगच राहत नाही, कारण पॅनेल आणि सेन्सर यांच्यामधली वायर कोणी एकमेकींना जोडली तर पॅनेलला ते दरवाजा बंद असल्यासारखेच दिसते. आम्ही ५.६ किलोओहमचे दोन रोध सेन्सरच्या डबीतच बसवले, एक लूपमध्ये सलग आणि दुसरा रीडच्या दोन टोकांवर आडवा. आता दरवाजा बंद असताना पॅनेलला ५.६ किलोओहम दिसतात, उघडल्यावर ११.२, वायर तुटली तर अनंत आणि जोडली गेली तर शून्य. चारही स्थिती वेगवेगळ्या ओळखू येतात. रोध जोडताना रीडची टोके काचेच्या अगदी जवळ वाकवायची नाहीत हे पथ्य पाळावे लागले. काचेला गेलेली केसासारखी चीर लगेच दिसत नाही, पण तिच्यातून ओलावा आत जातो आणि काही महिन्यांनी संपर्क खराब होतो.

बाहेरून आणलेल्या चुंबकाने सेन्सर फसवण्याचा प्रश्न साध्या रीडने सुटत नाही, कारण क्षेत्र कोणत्या चुंबकाचे आहे हे त्याला कळत नाही. मागच्या दरवाज्यापुरता लोखंडी पत्रा थोडे संरक्षण देतो आणि फट १५ मिलिमीटरवर आल्याने हात आत जाण्याचा मार्ग बंद झाला. आतल्या मुख्य दस्तऐवज-खोलीला मात्र आम्ही समतोल प्रकारचा सेन्सर लावला. त्यात एकाहून अधिक रीड आणि त्यांना उलट दिशेने ताणून धरणारे छोटे चुंबक असतात. दरवाज्यावरचा चुंबक ठरावीक दिशेने आणि ठरावीक ताकदीने समोर असेल तेव्हाच समतोल साधतो, आणि क्षेत्र कमी झाले तसेच जास्त झाले तरी अलार्म येतो. युरोपातील ईएन ५०१३१-२-६ आणि अमेरिकेतील यूएल ६३४ ही मानके अशा सेन्सरची परीक्षा घेतात, आणि खरेदी करताना तीच पाहिली. हॉल परिणामावर (चुंबकीय क्षेत्रामुळे तयार होणाऱ्या व्होल्टेजवर) किंवा तीन अक्षांच्या मॅग्नेटोमीटरवर, म्हणजे क्षेत्रमापकावर, चालणारे सेन्सर क्षेत्राचा प्रत्यक्ष आकडा देतात, त्यामुळे चुंबक हळूहळू सरकतो आहे की अचानक नवा आला आहे, हेही सांगू शकतात. मला ते मनापासून आवडतात. पण त्यांना सतत वीज लागते, आणि या इमारतीतल्या जुन्या पॅनेलला तो आकडा वाचता येत नव्हता. तिथे ते लावून केवळ उघडे-बंद एवढेच घ्यायचे असते तर त्यांचा अर्धा गुण वाया गेला असता.

पॅनेलमधला प्रतिसादाचा वेळ, म्हणजे झोन किती वेळ उघडा राहिल्यावर अलार्म द्यायचा तो वेळ, वाढवून वाऱ्याचे अलार्म गाळावेत, अशी सूचना बैठकीत आली होती. रीडच्या पात्या मिटताना होणारी थरथर साधारण एका मिलिसेकंदात संपते, त्यामुळे तिच्यासाठी वेळ वाढवायची गरज नसते. आणि दरवाजा वाऱ्याने हलतो तो सेकंदभर किंवा त्याहून जास्त. त्याला गाळण्याइतका वेळ ठेवला तर चपळ माणूसही गाळला जाईल. आम्ही ३०० मिलिसेकंद ठेवले आणि पुढे गेलो.

नंतरचे सहा महिने

या काळात त्या झोनचा अलार्म दोनदा आला. पहिल्यांदा संध्याकाळी आर्म करतानाच पॅनेलने झोन उघडा असल्याचे सांगितले. रक्षक गेले तर पल्ला ओढून घेतलेला होता, पण बोटभर फट उरलेली होती आणि लॅच लागलेले नव्हते. पूर्वीच्या चुंबकाने हे रात्रभर लपवले असते. दुसऱ्यांदा जोराच्या वाऱ्यात रात्री अलार्म आला. मी पट्ट्या घेऊन पुन्हा मोजले तेव्हा उघडण्याचे अंतर १४ वरून बरेच खाली आलेले निघाले, कारण चुंबकाच्या ठोकळ्याचा एक स्क्रू ढिला होऊन तो तिरका झाला होता. दरवाज्याच्या रोजच्या आदळण्याने साधे स्क्रू सुटतात हे मला आधीच लक्षात यायला हवे होते. ते काढून नायलॉनच्या लॉक-नटसह आरपार बोल्ट घातले.

रक्षकांच्या नोंदवहीत आता प्रत्येक दरवाज्यासमोर दोन आकडे असतात, उघडण्याचे अंतर आणि मिटण्याचे अंतर. दर सहा महिन्यांनी ते दोनदा मोजले जातात, एकदा सकाळी आणि एकदा ऊन पडल्यावर. पट्ट्यांचा संच नोंदवहीलाच दोरीने बांधलेला आहे. बाकीच्या सहा दरवाज्यांपैकी दोघांचे अंतर पहिल्याच मोजणीत ४० मिलिमीटरच्या वर निघाले; त्यांच्यावरही कोणीतरी कधीतरी मोठे चुंबक लावलेले होते, आणि त्यांचीही कधी कोणी तक्रार केलेली नव्हती. त्यांचे काम सध्या चालू आहे. मागच्या दरवाज्याच्या बाबतीत एक गोष्ट अजून बाकी आहे. पल्ला जागेवर आहे एवढेच आपल्याला कळते, लॅचची जीभ पूर्ण बाहेर आली आहे की नाही हे कळत नाही. त्यासाठी खाचेत वेगळा संपर्क बसवून तो स्वतंत्र झोनवर घ्यायचा आहे, आणि त्याची वायर पुढच्या भेटीत ओढली जाईल.